मागची शिवण

२ मार्च, रविवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होणारा त्रास रोजच्या रोज लिहून ठेवा, म्हणून ही वही. उद्यापासून रेडिएशन. त्रास अजून काही नाही, तेव्हा आधी मापं लिहितो. मापं घेतल्याशिवाय कुठल्याच कामाला हात लावायचा नाही, हा माझा नियम. छाती चाळीस, कंबर छत्तीस, गळा साडेपंधरा. गाठ जिभेच्या मुळाशी, उजव्या अंगाला, कोटाच्या बटणाएवढी.

मी कुणाच्या हाताखाली शिकलेलो नाही. भंगारातून जुने कोट आणायचो, टाका न् टाका उसवायचो आणि परत जोडायचो. तीच माझी शाळा. आजारही तसाच उसवून बघितला. रिपोर्ट घेऊन बसलो, शब्दकोश काढला, आणि डॉक्टरीणबाईंना असे दोन प्रश्न विचारले की त्यांनी चष्मा काढून ठेवला.

रात्री जेवताना सहज विषय निघाला. म्हटलं, माणूस आजारी आहे हे शिंप्याला त्याच्या घरच्यांआधी कळतं. कंबरेत सैल झालेली पँट आत घ्यायला आणतो. काही दिवसांनी तीच पँट पुन्हा आणतो. तिसऱ्या वेळी तो येत नाही, घरचं दुसरंच कुणी येतं. माझी पँट आत घ्यायची वेळ आली की मीही समजेन आणि मुकाट्यानं कात्री खाली ठेवीन.

"बाबा, जेवताना काय हे!" मुलगी म्हणाली.

बायकोनं न विचारता माझ्या वाटीत आणखी भाजी वाढली.

३ मार्च, सोमवार

पहिला दिवस. मुलीनं कामावर जाता जाता गाडीतून सोडलं, बायको सोबत होती.

मास्कबद्दल लिहिलंच पाहिजे. गेल्या आठवड्यात जाळीचं पांढरं प्लास्टिक गरम पाण्यातून काढून माझ्या चेहऱ्यावर आणि गळ्यावर दाबलं होतं. ते थंड होऊन कडक झालं. आता रोज तोच मास्क चढवून टेबलाला खिळवतात, म्हणजे डोकं तसूभर हलत नाही. कपाळ, नाक, हनुवटी, गळा, कुठे म्हणून चुणी नाही. आयुष्यात दुसऱ्यानं माझ्या अंगावर घातलेली एवढी बेतशीर वस्तू मी पाहिली नव्हती.

"काका, घट्ट होतोय का?" यंत्रावरच्या मुलीनं विचारलं.

"घट्ट नाही, बरोबर होतोय," मी म्हटलं. "ज्यानं केला त्याला माझा नमस्कार सांग."

"मीच केला."

मग तिलाच नमस्कार केला.

११ मार्च, मंगळवार

चव गेली. दुधाला खडूची चव, अंड्याला पुठ्ठ्याची. बायको चार वेळा चार वाट्या पुढे करते आणि मी चारही परत करतो. तिनं एकदाही कपाळाला आठी घातलेली नाही. म्हणूनच जरा संशय येतो.

दुकान अर्धा दिवस उघडतो. बाकी वेळ समोरचा लक्ष ठेवतो. समोरचा म्हणजे चिकटपट्टी. हे नाव मीच ठेवलं आणि सगळ्या गल्लीनं उचललं. पँटची खालची घडी टाके घालून बसवायची, तर हा इस्त्रीनं गोंदाची पट्टी चिकटवून मोकळा होतो. दोन धुण्यांत घडी लोंबते. गिऱ्हाईक ओरडलं की पुन्हा चिकटवतो. वर मलाच म्हणतो, "मास्तर, तुमची शिलाई माणसापेक्षा जास्त टिकते. लोकांनी नवीन कपडे शिवायचे कधी?"

माणूस वाईट नाही. कारागीर नाही, एवढंच.

१९ मार्च, बुधवार

वजनकाट्यावरून वाद. काटा म्हणतो, चौऱ्याहत्तरवरून मी एकोणसत्तरवर आलो. मी वाकून बघितलं, तिथली फरशी उताराची आहे. उतारावरचा काटा कसा खरा बोलेल? नर्सबाईंना म्हटलं, काटा सरळ जागी ठेवा. त्यांनी ठेवला. तरी एकोणसत्तरच.

पण माझ्याकडे काट्याहून पक्का पुरावा आहे, माझ्या पँटी. करड्या रंगाच्या चार, चारही माझ्या हातच्या, चारही एका मापाच्या. मी पट्टा लावत नाही. पँटला पट्टा लागतो याचा अर्थ शिंपी हरला. कंबर आजही जिथल्या तिथे, बोट घालायला जेमतेम जागा. चेहरा उतरलाय हे कबूल. पण चेहरा औषधानंही उतरतो, आणि आरसा तर डाव्याचं उजवं करून दाखवतो. कपडा खोटं बोलत नाही.

त्रास लिहायचा राहिला. घसा सोललेला. त्या टेबलावर पडलं की माकडहाडाच्या वर काहीतरी टोचतं. टेबल खराब आहे, सांगायला हवं.

बायको हल्ली रोज येत नाही. "घरात कामं पडलीत" म्हणते. एवढी कसली कामं?

२२ मार्च, शनिवार

आज सुट्टी. दुपारी डोळा लागला होता. उठून खिडकीशी गेलो तर बायको चिकटपट्टीच्या दुकानातून बाहेर पडताना दिसली. हातात मोठी पिशवी. त्यानं दारापर्यंत येऊन काहीतरी सांगितलं, तिनं जोरात मान हलवली, त्यानं कपाळावर हात मारला.

घरी आली तेव्हा विचारलं, "काय होतं समोर?"

"इस्त्रीचे कपडे."

"आपल्या घरात इस्त्री आहे. दुकानात दोन आहेत."

"तुम्ही पडून असता. आवाज कशाला?"

इस्त्रीला आवाज असतो हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

मी काय समजायचं ते समजलो. माझी गिऱ्हाइकं तिकडे वळवायचं चाललंय. मी कात्री ठेवण्याआधीच. राग आला नाही असं लिहिणार होतो, पण मग त्रास लिहायची ही वही खोटी होईल.

कपडे मात्र कडक इस्त्रीचे होते. ते त्याला जमतं.

२७ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी नळीचं काढलं. नाकातून पोटापर्यंत बारीक नळी घालायची आणि पातळ अन्न त्यातून सोडायचं. गिळायची कटकट नाही.

"मी काय शिलाई मशीन आहे, वरून तेल सोडायला?" घोगऱ्या आवाजात मी विचारलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सदुसष्ट किलो. असंच उतरत राहिलं तर उपचार मध्येच थांबवावे लागतील. आणि हे उपचार खंड पडलेले चालत नाहीत. तुमची गाठ ऐकते आहे, छान ऐकते आहे. अर्ध्यात सोडू नका."

मी उभा राहिलो आणि कंबर दाखवली. म्हटलं, "बाई, ही पँट गाठीच्या आधीची आहे. बघा, बसते की नाही? सात किलो गेलेल्या माणसाची पँट अशी बसेल?"

त्यांनी पँटकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"विचार करून सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण फार वेळ नाही."

मुलगी गाडी घेऊन न्यायला आली होती. घरी आल्यावर मी पडलो आणि स्वयंपाकघरात दोघींची जुंपली. सगळं ऐकू आलं नाही. मुलीचा आवाज चढला, "आई, आता पुरे! त्यांचा विश्वास त्या काट्यावर नाही, ह्याच्यावर आहे!" मी पाणी मागायला उठलो तसा आवाज बंद. टेबलावर माझी पँट पडली होती आणि दोघींचे डोळे लाल.

मायलेकींचं काहीतरी बिनसलंय. माझ्या आजारपणाचा ताण असावा. बाप म्हणून मध्ये पडायला हवं, पण कंठच नाही.

नळी घेणार नाही.

१ एप्रिल, मंगळवार

आज थुंकीही गिळवत नाही. दुकान बंद.

३ एप्रिल, गुरुवार

हे नीट लिहितो, ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं.

मास्क चढवला आणि टेबलाला खिळवला. मला जाणवलं, जबड्यापाशी हवा लागते आहे. हनुवटी हलवून बघितली, हलली. पहिल्या दिवशी तिथे केस सरकायला जागा नव्हती.

यंत्रावरच्या मुलीच्याही ते लक्षात आलं. मास्क उघडून तिनं जबड्याजवळ बोट घातलं, मग दुसरं.

"प्लास्टिक सैल पडलं," मी म्हटलं.

"प्लास्टिक सैल नाही पडत, काका," ती हळूच म्हणाली. "ते पहिल्या दिवशी होतं तसंच असतं. आज कसंबसं जमवते, पण नवा मास्क करावा लागेल. डॉक्टरांना सांगते."

ती बोलायला गेली आणि मी टेबलावर तसाच पडून राहिलो. माकडहाडाच्या वर टोचत होतं.

पडल्या पडल्या हिशेब मांडला. एकाच माणसाच्या मापाच्या दोन वस्तू. एक म्हणते माणूस तोच आहे, दुसरी म्हणते आटलाय. दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत. प्लास्टिकला टाका घालता येत नाही, उसवता येत नाही, आत घेता येत नाही. कापडाला मात्र येतं.

कपडे बदलायच्या खोलीत गेलो, कडी लावली, पँट काढून उलटी केली.

मागची शिवण. कंबरपट्टीपासून खाली येणारी, जिच्या आत शिंपी जास्तीचं कापड ठेवतो, पुढेमागे माणूस सुटला तर सोडता यावं म्हणून. माझी स्वतःची शिवण होती तिथे नुसती भोकं उरली होती. तिच्या आत मशीनची एक टीप. तिच्या आत दुसरी. आणि सगळ्यात आत हातानं घातलेली तिसरी, दुहेरी दोऱ्याची उलटी टीप, पावसात भिजलेल्या मुंग्यांच्या रांगेसारखी वाकडी. दोन बाजूंचं कापड दुमडून आत कोंबलेलं, चांगलं अंगठ्याएवढं जाड. एवढे दिवस मला टोचत होतं ते हे. टेबल बिचारं ठीक आहे.

टेप माझ्या खिशात असतोच. जुन्या भोकांपासून नव्या टाक्यापर्यंत मोजलं, दोन्ही बाजू धरून साडेतीन इंच.

तेव्हा मी काट्यावर विश्वास ठेवला. स्टुलावर बसलो. बाहेरून दार वाजवलं कुणीतरी.

मशीनच्या टिपा कुणाच्या हे ओळखायला मला चष्मा लागत नाही. हातची मात्र ओळखायला वेळ लागला. सुई हातात घेतली की हिला घाम फुटतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, साधं बटण लावायचं तर माझ्याकडे आणून देते.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी थेट समोर गेलो. पँट त्याच्या टेबलावर आपटली.

चिकटपट्टीनं आधी पँटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दुकानाची फळी आतून ओढून घेतली. "मास्तर, शिव्या घालायच्या तर घाला. पण आधी टाका बघा. चिकटवलं नाहीये. चारही पँटींत, कुठेच नाही. तुमची पँट होती म्हणून."

टाका बघितला होता मी. सरळ होता. इतकी वर्षं हा माणूस सरळ टाका घालू शकत होता आणि पट्टी चिकटवत होता, याचा राग मला आधी आला.

"कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं. आवाज फुटत नव्हता, त्यानं ओठ वाचले.

"वहिनी आल्या. म्हणाल्या, पँट सैल झाली की हे कात्री ठेवतील, तसं बोललेत. सैल होऊ द्यायची नाही." त्यानं नाक पुसलं. "पहिल्यांदा घेतली, दुसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदा मी नाही म्हटलं. म्हटलं, वहिनी, हे आता पँटचं काम राहिलं नाही, मास्तरांना सांगा. तर त्या पिशवी उचलून घरी गेल्या. पुढचं त्यांचं."

"आणि एवढं कापड आत का कोंबलं? शिंपी आहेस की गादीवाला? कापून टाकायचं."

"दर वेळी कात्री घेतली हातात! म्हटलं, टोचेल त्यांना. वहिनी म्हणाल्या, कात्री लावायची नाही. एक सूतही कापायचं नाही. उद्या परत सोडावं लागेल, तेव्हा कापड कुठून आणणार?"

मी पँट उचलली आणि रस्ता ओलांडून घरी आलो.

बायको ओट्याशी उभी होती. पँट बघून तिनं गॅस बंद केला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमचं मन खचायला नको. मला काय माहीत, तुम्ही पँट दाखवून काट्यालाच खोटं पाडाल! त्या दिवशी डॉक्टरीणबाईंपुढे तुम्ही उभे राहिलात, आणि मला वाटलं जमीन दुभंगावी. रोज सांगणार होते. रोज तुम्ही कंबरेवर हात ठेवून म्हणायचात, बघ, जागेवर आहे. आणि तेवढ्या वेळ तुमचा चेहरा..." आम्ही दोघंही बिनआवाजाचे.

रागावायचं ठरवून आलो होतो. शब्दही योजले होते. पण घसा फाडून दोन-चारच शब्द निघणार होते, ते जपून वापरायला हवेत. म्हटलं, "नळीचं सांग डॉक्टरीणबाईंना. आजच."

तिनं फोन उचलला. नंबर मीच लावला.

८ एप्रिल, मंगळवार

नळी बसली. घालताना ब्रह्मांड आठवलं. आता नाकातून बाहेर येते आणि गालावर चिकटपट्टीनं चिकटवलेली असते. खऱ्या चिकटपट्टीनं. समोरच्यानं ते बघितलं आणि दुकानात लोळायचा बाकी राहिला. "मास्तर, शेवटी तुम्हालाही चिकटवावंच लागलं ना!" वर म्हणतो, "इतके दिवस नाकावर राग असायचा, आता जेवण आलं. प्रगती आहे."

नवा मास्क झाला, उपचारात खंड पडला नाही. यंत्रावरच्या मुलीला म्हटलं, थोडं सैल ठेव, मी सुटणार आहे. ती म्हणाली, "सुटा की, तिसरा करीन."

सकाळचं अन्न मुलगी सोडते, कामावर जाण्याआधी. तिचा हात स्थिर आहे, माझ्यावर गेलाय. दुपारचं बायको सोडते आणि सोडताना स्वतः आ करते, लहान मुलाला भरवताना करतात तसा. सांगून उपयोग नाही.

आत घेतलेली पँटही आता सैल, म्हणून पट्टा वापरतो आहे. चिकटपट्टीनं आणून दिला. गल्लीतून जाताना शर्ट बाहेर सोडतो म्हणजे दिसत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

शेवटचा दिवस. दोन्ही मास्क घरी आणले. पहिला दुकानात खुंटीला लावला आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय? मी सांगतो, जगातली सगळ्यात बेतशीर शिलाई, टाका एकही नाही. चिकटपट्टी म्हणतो, दुसराही लावा, तुमची जाहिरात होईल, "आत घेऊन मिळेल."

वजन दोन आठवडे हललेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हललं नाही हीच मेहेरबानी. त्रास अजून काही दिवस वाढेल, मग उतरेल.

त्रास : सगळा. पण लिहायला बसावंसं वाटलं.

२० जुलै, रविवार

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही. मे महिना घशानं खाल्ला. जूनमध्ये नळी निघाली. परवा तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी चित्र पडद्यावर लावलं आणि पेन्सिलीनं दाखवलं, कोटाचं बटण होतं तिथे काही नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, म्हणाल्या. मी विचारलं, "तीनच का?" त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि समजावून सांगितलं. बायको या वेळी खिडकीबाहेर बघत नव्हती, माझा हात धरून बसली होती. सगळ्यांसमोर.

आज सकाळी अर्धं अंडं आणि अर्धा कप चहा. अंड्याला अंड्याची चव होती. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

मग करडी पँट चढवली, पट्ट्याशिवाय, तर बटण लागेना. श्वास आत घेतला तरी लागेना. ओरडलो, म्हणजे आता जेवढं ओरडता येतं तेवढं. मुलगी धावत आली, काय झालं म्हणून घाबरी. मी पोटावरचं उघडं बटण दाखवलं. ती मटकन खाली बसून हसत सुटली, मग रडत, मग परत हसत.

चिकटपट्टी म्हणाला, द्या इकडे, दोन मिनिटांत सोडून देतो. मी म्हटलं, हे काम माझं.

दुपारी खिडकीपाशी उजेडात बसलो. औषधांमुळे बोटांना अजून मुंग्या येतात, पण कात्री धरता येते. सगळ्यात आतली टीप आधी, हातची, हिची. ती काही सुटेना. दुहेरी दोरा, टाक्यावर टाका, मधेमधे गाठी, कुठून सुरू केली न् कुठे संपवली याचा पत्ता नाही. आयुष्यभर कोट उसवले. एवढं अडलो नव्हतो.

बायको समोर बसून शेंगा सोलत होती. मी हात किती वेळा झटकले ते बघत होती बहुतेक.

"टाका वाकडा आहे तुझा," मी म्हटलं.

"सुटला का कधी?"

मी टाक्याखाली कात्रीचं टोक सरकवून बघितलं.

"नाही."

"मग गप्प उसवा."

आतलं कापड जसंच्या तसं होतं, एक सूतही कापलेलं नाही. मशीनच्या दोन्ही टिपा तशाच ठेवल्या आहेत, त्यांची वेळ येईल.

कंबर : एक इंच सोडली.